ओसरीवरची पत्रावळ

मु. बोरखेडी, पो. तेल्हारा, जि. अकोला
ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८५५

चिरंजीव गोवर्धन यास आशीर्वाद.

तुझं अमरावतीचं पत्र पोचलं. अखाजीच्या सणापासून तू गप्प होतास, म्हणून पाकीट आलेलं पाहताच तुझी आई चुलीवरचं टाकून दारात आली. "वाचा ना, काय लिवते पोरगा?" मी पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि थांबलो. पुढचं तिला ऐकवण्यासारखं नव्हतं. खुशाल आहे म्हणतो, असं सांगून पत्र बंडीच्या खिशात घातलं. तिचा विश्वास बसला नाही. तशी ती मुळीच भोळी नाही.

तू लिहितोस, "मला आणि शकुनला तुमचं टॉलरेशन नको. आधी या शब्दाचा अर्थ समजून घ्या, मगच पत्र पाठवा." आणि अगदी शेवटी, सही करता करता आठवल्यासारखं, रायपूरच्या शाळेत तुला जागा मिळते आहे, भाद्रपदात हजर व्हायचं, आणि मग वऱ्हाडात परत येणं नाही. अरे, हे काय शेवटी लिहायचं असतं?

अर्थ समजेपर्यंत लिहू नका म्हणालास, तरी लिहितो आहे. बापाला असली अट घालायची नसते.

मी मराठी सातवी पास माणूस. तेल्हाऱ्याच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, सहिष्णुता. मी म्हणालो, मास्तर, तुम्ही एका कुलपाला दुसरं कुलूप लावलं. तेव्हा त्यांनी फोड करून सांगितलं, आपल्याला न पटणारं दुसऱ्याचं वागणं सोसून घेणं. मग मला सांग, यात वाईट ते काय? मी तेच तर केलं.

अखाजीला असं झालं तरी काय? आपण कुणबी. शकुन मोर्शीची, माळ्याची. त्यात दवाखान्यात नर्स, अठरापगड जातींची बाळंतपणं करणारी. तू परस्पर लग्न करून तिला घेऊन दारात उभा राहिलास. मी दार लावलं का? भावकीतले वडीलधारे नत्थुजीदादा गल्लीतून ओरडत होते, "सूर्यभान, घरात घेशीन तं भावकीतून जाशीन!" तरी मी तिला ओसरीवर बसवलं. सणाचं जेवण वाढायला लावलं. तुझी-माझी पितळी ताटं आणि तिच्यापुढं पत्रावळ, एवढाच काय तो फरक. पळसाची ताजी पानं, मी स्वतः लावलेली. त्यावरून तू भरल्या ताटावरून उठलास. सणाच्या दिवशी, मोडलेली पोळी तशीच टाकून. शकुननं पत्रावळ दुमडली आणि तुझ्यामागं चालू लागली.

रायपूरला लगेच हो म्हणू नकोस. अजून विचार कर. तुझ्या आईला मी त्यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझा बाप,
सूर्यभान


अकोला
आषाढ शुद्ध द्वादशी

चि. गोवर्धनास आशीर्वाद.

हे पत्र वामनराव वकिलांच्या बैठकीतून लिहितो आहे. शेतातल्या डवऱ्याच्या लोखंडी फासा घ्यायला आलो असं घरी सांगितलं. फासा घेतल्याही, पण खरं काम तुझ्या शब्दाचं होतं. वामनराव आणि मी एका बाकावर शिकलो. ते पुढं गेले, मी मागं फिरलो, पण माणूस अजून "काय रे सूर्या" म्हणूनच हाक मारतो.

त्यांनी उशीएवढं इंग्रजी पुस्तक काढलं आणि चष्मा लावून वाचत बसले. मी मधेच विचारलं, "सापडला का?" तर म्हणाले, "थांब लेका, तो लॅटिनमध्ये जाऊन राहिला." मला वाटलं, हाही रायपूरला निघाला की काय.

सांगितलं ते असं. शब्द मूळचा लॅटिन, रोमन लोकांच्या भाषेतला. तिथं त्याचा अर्थ भार वाहणं, ओझं पेलणं. त्याच्या मुळाशी उचलणं आहे. पंडितांच्या मते आपलं तोलणं, तुळा, तोल, हे सगळं त्याच कुळातलं. भार वाहण्यावरून सोसणं आलं, आणि सोसण्यावरून दुसऱ्याचा धर्म, दुसऱ्याची चाल सोसणं. मी मांडीवर थाप मारली. म्हणालो, "बस, वामनराव! हेच पोराले लिवतो. ओझं मीच तं उचलून राहिलो!" आणि गोवर्धना, ते खोटं नाही. अखाजीपासून नत्थुजीदादा माझ्या हातचं पान खात नाहीत. विहिरीवर बायका तुझ्या आईला पाहून बोलणं थांबवतात. भावकीतल्या बारशाचं आवतन आपल्याला आलं नाही. हे ओझं नव्हे तर काय आहे?

तर वामनराव म्हणाले, "थांब, अजून आहे." त्यांनी इंग्लंडातल्या एका कायद्याची हकीकत सांगितली. अडीचशे वर्षांपूर्वी तिथं याच नावाचा कायदा झाला. राजाच्या चर्चाहून वेगळ्या पंथाचे जे लोक होते, त्यांतल्या काहींना आपापली प्रार्थना करायची मोकळीक दिली. पण सरकारी खुर्चीवर मात्र त्यांना बसता यायचं नाही. म्हणजे राहा, देवाचं नाव घ्या, पण आमच्या पंगतीला बसू नका.

ते चष्मा पुसत म्हणाले, "सूर्या, तुझ्या पोरानं हा शब्द उगीच नाही निवडला."

ते जेवायला थांब म्हणत होते, तर मी मोटार चुकेल म्हणालो. मोटारीला अजून पुष्कळ वेळ आहे. मी इथं बैठकीत बसून तुला लिहितो आहे आणि आतून वाढल्याचे आवाज येत आहेत. मला आपली ओसरी दिसते आहे. नको ते डोक्यात येतं.

अर्थ मी समजून घेतला. आता तू रायपूरचं काय ठरवलंस ते कळव. उलट टपाली कळव.

सूर्यभान


बोरखेडी
श्रावण शुद्ध अष्टमी

चि. गोवर्धनास,

तुझं उत्तर नाही. टपालवाला ओढ्यापलीकडूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. आता तर मी त्याच्याकडे पाहायचंही टाळतो, पण कान तिकडेच असतात. तुझ्या आईला रायपूरचं कळलं. मी सांगितलं नाही, तिनं बंडी धुवायला घेतली आणि खिशातलं पत्र शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "तुमी काऊन लपवलं?" आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मला तिचं रडणं चाललं असतं.

गावचं ऐक. पोळा जवळ आला. आपली जोडी तोरणाखाली नत्थुजीदादांच्या जोडीच्या शेजारी उभी राहते, हे तुझ्या पणजापासून चालत आलं आहे. काल दादा वळणावर भेटले. बैलाकडे बघत मला म्हणाले, "सूर्यभान, सून पुन्हा घरात आली तं जोडी तोरणाखाली आणू नको. मी सांगून ठेवतो, मंग म्हणशीन सांगतलं नाई." मी "पाहू" म्हणालो. "पाहू" काय म्हणालो, मला माझाच राग आला. पण तोंडातून निघालं ते तेवढंच.

आता माझं ऐक. मी उपाय काढला आहे. पोळ्याला तू आणि शकुन या. त्या दिवशी ताटं काढायचीच नाहीत. मी, तू, तुझी आई, शकुन, सगळ्यांनाच पत्रावळी. सारख्या पानांच्या, एका हातानं लावलेल्या. मग कुणाला काही म्हणायला जागा उरणार नाही. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पोरगी पानावर रुसली असं वाटते का तुमाले?" मला तर ही तोड बरी वाटली. तुला कशी वाटते?

ये, बाप्पा. तू नाही आलास तर मी पोळ्याला काय करू ते मला सुचत नाही.

सूर्यभान


बोरखेडी
श्रावण वद्य एकादशी
(कार्ड)

गोवर्धना, शकुनचं कार्ड आलं. पोळ्याच्या दिवशी दुपारच्या मोटारीनं तेल्हाऱ्याला उतरते म्हणते. एकटी. तुला ठाऊक आहे का? तू पाठवतो आहेस की ती तुला न सांगता निघाली? तुमचं दोघांचं काही बिनसलं का? तुझ्याबद्दल तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही. तिला दवाखान्यातून रजा तेवढीच मिळाली असेल, पण माळ्याच्या पोरीला कळू नये का, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत! साऱ्या तालुक्यात गाडी जुंपलेली मिळायची नाही. वाटेत चिखल मांडीएवढा. आणि गावात शिरायची सरळ वाट तोरणाखालूनच. काय करावं? तू तार कर. सूर्यभान


बोरखेडी
भाद्रपद शुद्ध द्वितीया

चिरंजीव गोवर्धन यास अनेक आशीर्वाद.

तार आली नाही. शकुन आली. आता सगळं सांगतो, नीट वाच.

पोळ्याच्या आदल्या सांजेला रिवाजाप्रमाणे खांदशेकणी केली. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकले. वर्षभर जू वाहून तिथलं कातडं घट्ट होतं, पान फिरवलं की जनावर मान खाली घालतं आणि डोळे मिटतं. मग त्यांच्या कानाशी म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दर वर्षी म्हणतो. यंदा म्हणताना तू आठवलास. तुझी आई दिवा धरून उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून मी आत-बाहेर करत होतो. गड्याला पाठवावं, तर पोळ्याच्या दिवशी गडी बैलांचा. धुणं, रंगवणं, झूल घालणं. आणि मी स्वतः गेलो तर तोरणाची वेळ गाठणं कठीण. जोडीसोबत मालक नसला की गाव काय ते समजतं. तुझी आई म्हणाली, "जावा ना. पोरगी स्टँडावर एकटी बसून राहील का?" एवढंच. मी काठी उचलली.

शकुन मोटारीतून उतरली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक होती. मी विचारलं, "गोवर्धन?" ती म्हणाली, "ते नाई येत, मामाजी. म्हणतात, बाबानं शबुद समजून घ्यावा. मी म्हटलं, शबुद तुमचा बापलेकाईचा. पत्रावळ माह्यापुढं होती. मी जातो." मग जरा थांबून म्हणाली, "भांडून नाई आली. सांगून आली." मला तेव्हा कुठं श्वास घेता आला.

ट्रंक उचलली तर खांदा खाली गेला. "काय भरलं व हिच्यात?" म्हटलं. "घरी गेल्यावर दाखवतो," म्हणाली. आपण दोघं धरू, असं ती म्हणत होती. मी ऐकलं नाही. सासरा असताना सुनेनं ट्रंक वाहायची, हे मला बरं दिसेना. काळ्या मातीचा चिखल तुला माहीत आहे, प्रत्येक पावलाला जोडा मागं राहतो. शेवटी जोडे हातात घेतले. ओढ्याच्या उतारावर माझा तोल गेला. ट्रंकेसकट पाण्यात गेलो असतो, पण तिनं मागून कडी धरली आणि गुडघाभर पाण्यात पाय रोवून उभी राहिली. मग मी मुकाट्यानं दुसरी कडी धरली. पुढची वाट आम्ही दोघांनी ती मधे धरूनच काढली. तिची चाल माझ्यापेक्षा नीट. मी दमलो की न विचारता थांबायची.

गावात आलो तेव्हा तोरण लागलेलं होतं. वाजंत्री चालू, बैल ओळीनं उभे, सारं गाव जमलेलं. आपली जोडी बाजूला लिंबाखाली, गडी कासरा धरून माझी वाट पाहत. लपवत नाही, मागच्या बोळातून नेता आलं असतं असंही मनात येऊन गेलं. शकुनचं तोंड पाहिलं. तीही घाबरलेली होती. पण कडी तिनं सोडली नव्हती.

आम्ही सरळ चालत गेलो. वाजंत्री थांबली. नत्थुजीदादा पुढं आले. "सूर्यभान, बैल कुठी हायेत तुह्ये?"

मी म्हणालो, "बैलाईले आज सुटी हाय, दादा. ओझं मीच आणलं. सून आली माही, वाट द्या."

कुणीतरी मागं हसलं. दादा हसले नाहीत. पण दोन पावलं बाजूला झाले. आम्ही तोरणाखालून गेलो. आपली जोडी मात्र यंदा गेली नाही. गडी तिला घेऊन आमच्यामागून सरळ घरी आला. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पणजापासूनची गोष्ट होती.

घरी तुझ्या आईनं बैलांना ओवाळलं, घास भरवला. मग ओसरीवर पाट मांडला आणि तिच्या हातात पत्रावळ होती. माझी ती तोड पार विसरली गेली होती, एकच पत्रावळ. शकुन म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. मी ताट घेऊन आली." ट्रंक उघडली. आत तिच्या लुगड्यांच्या घडीत दोन ताटं, जाड काशाची, मोर्शीची, तिच्या आईची. ओझं त्यांचंच होतं. तिनं एक ताट ओसरीवर ठेवलं आणि समोर बसली. तुझी आई वाढणं हातात घेऊन उभीच राहिली. मग वाढलं. मी आत माझ्या ताटावर बसलो होतो.

सांजेला माझा खांदा सुजला. हात वर होईना. मी कण्हलो असेन. शकुननं आदल्या दिवशीची वाटी शोधली. खांदशेकणीचं तूप-हळद तळाशी उरलेलं होतं. ते तिनं निखाऱ्यावर कोमट केलं, पळसाचं पान घेतलं आणि म्हणाली, "बसा इथी." नर्स ती, तिला काय संकोच! खांदा शेकू लागली. मी मान खाली घातली. तुझी आई दारात उभी. शकुन शेकता शेकता माझ्या कानाशी म्हणाली, "मामाजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गोवर्धना, तुझी आई हसली. अखाजीनंतर पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून हसली आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. मला मात्र हसू आलं नाही. आषाढात मी मांडीवर थाप मारून म्हणालो होतो, ओझं मी उचलतो आहे. माझा खांदा एका वाटेला सुजला आणि तो शेकायला ती बसली. तिच्यावर अखाजीपासून काय काय ओझं होतं? ती पत्रावळ दुमडून गेली तेव्हा तिचा खांदा आपण कुणी पाहिलाही नाही. मला फार लाज वाटली. त्या वेळी बोलता आलं नाही, म्हणून तुला लिहितो.

दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर तीन दगडांची चूल मांडली. आतल्या चुलीकडे गेली नाही, मागितलीही नाही. ज्वारीची भाकर, बरबटीच्या शेंगांची भाजी, ठेचा. दोन्ही ताटं वाढली, एक तिचं, एक माझं. मी तिच्यासमोर बसलो. गल्लीतून लोक जात होते, नत्थुजीदादांची सून तर तीनदा गेली. पहिला घास घेतला. भाकर जरा जाड होती. तसं सांगितलं, तर म्हणाली, "उद्या पातळ करतो." मी पोटभर जेवलो.

तुझी आई जेवली नाही. तिला भूक नव्हती म्हणे. तिचा इतक्या वर्षांचा रिवाज आहे, तिला वेळ लागेल. पण दुपारी मी पडलो असताना भांड्यांचा आवाज आला. पाहतो तर ती दोन्ही काशाची ताटं राखेनं घासत होती, आमच्या ताटांसोबत, एकाच पाण्यात. घासून पुसून तिनं ती आतल्या फळीवर ठेवली. तुझं अखाजीपासूनचं पालथं ताट आहे ना, त्याच्याशेजारी.

शकुनची रजा अजून आठवडाभर आहे. मी तिला पोचवायला अमरावतीला यायला तयार आहे, तिच्या हातचं जेवायलाही. पण मला वाटतं तिला न्यायला तू यावंस. बैल आता जुंपता येतात, मी स्टँडावर गाडी घेऊन उभा राहतो.

तुझ्या शब्दाचं मी आता काही विचारत नाही. रायपूरला जायचं असेल तर जा. मी आडवा येणार नाही, तुझी आईही नाही. पण या घरातून तू उपाशी उठून गेला आहेस. ये, आणि जेवून जा.

तुझा बाप,
सूर्यभान